गिरगांवची वस्ती : वाडीपासून मनोऱ्यापर्यंत

मुंबईच्या चौपाटीकडून ठाकुरद्वाराकडे पायीं जाणारा मनुष्य आज वाटेंत थांबून वर पाहूं लागला तर त्यास एक चमत्कारिक देखावा दिसतो. रस्त्याच्या कडेला लांकडी कठड्यांची, मंगलोरी कौलांची एखादी तीन मजली चाळ उभी असते. तिच्या सज्जांत कपडे वाळत असतात, एखादे वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत असतात. आणि त्याच चाळीच्या पाठीमागून तीस-चाळीस मजल्यांचा कांचेचा मनोरा वर गेलेला असतो. त्याच्या सज्जांत सहसा कोणी बसलेलें दिसत नाहीं.

हा देखावा पाहून कित्येकांस हळहळ वाटते, कित्येकांस अभिमान वाटतो. परंतु ह्यांपैकीं कोणत्याहि भावनेच्या आहारीं जाण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गिरगांवानें आपलें घर बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. प्रथम वाडी होती, मग चाळ आली, पुढें ब्लॉक आला, आणि आतां मनोरा आला आहे. ह्यांपैकीं प्रत्येक पालट कांहीं तरी खऱ्या दुःखावर उपाय म्हणून झाला, आणि प्रत्येक पालटाची किंमत कोणी तरी दिली. तें दुःख कोणतें होतें आणि ती किंमत कोणीं दिली, हाच ह्या इतिहासांतला विचार करण्याजोगा भाग आहे.

गिरगांवांतील गल्ल्यांचीं नांवें हीच त्या भागाची पहिली बखर होय. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी, खोताची वाडी, मुगभाट, बोरभाट अशीं हीं नांवें आहेत. त्यांत कोठें पेठ नाहीं कीं आळी नाहीं. पुण्यास पेठा झाल्या, कारण तेथें राज्यकर्त्यांनीं वस्ती आंखून वसविली. गिरगांवांत आरंभीं कोणी कांहीं आंखलें नाहीं. समुद्राच्या कांठानें माडांच्या बागा होत्या, आणि बागांतून पायवाटा होत्या. 'भाट' ह्या शब्दाचा कोंकणी अर्थ माडांची बाग असाच आहे. बागेच्या मालकानें कडेची थोडी जमीन कोणास घर बांधावयास दिली कीं तेथें एक घर उठे, त्याच्या शेजारीं दुसरें उठे, आणि पायवाटेची गल्ली होई. जमीन एकाची व तिजवरील घर दुसऱ्याचें, असा जो 'फझेंदारी' नांवाचा प्रकार मुंबईंत पुष्कळ काळ चालला, तो ह्याच बागायती जमिनींवर रुजलेला आहे. आजचे कांहीं मिळकतीचे तंटे त्या काळच्या माडांच्या मुळांशीं जाऊन पोंचतात.

वाडी भरण्यास कारण झाली ती एक आपत्ति. १८०३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या कोटांत मोठी आग लागली, आणि दाट वस्तीचा बराच भाग जळून गेला. त्यानंतर कोटाबाहेर वस्ती वाढूं लागली. गिरगांव तेव्हां गांवासारखेंच होतें. १८३८ च्या सुमारास सरकारनें मैदानावर गुरें चारण्यासाठीं पट्टी बसविली, तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळची जमीन घेऊन गुरांना चरण्यासाठीं मोकळी करून दिली. 'चरणें' ह्या शब्दावरून चर्नी रोड हें नांव पडलें असें सांगतात. आज ज्या स्टेशनावर गाडींत पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं, त्याचें नांव गुरांच्या कुरणावरून पडलेलें आहे, हें पुष्कळांच्या ध्यानींहि येत नाहीं. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं आपलें 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध केलें तेव्हां ही कुरणाची व बागांची मुंबई सरत आली होती, आणि दुसरी मुंबई डोळ्यांदेखत उभी राहात होती.

ती दुसरी मुंबई कापसानें उभी केली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसांचा लोंढा मुंबईकडे लागला. १८६४ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कापसाचा बाजार कोसळल्यावर १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. पुढें गिरण्या वाढल्या तशी ती पुन्हां चढली, आणि १८९१ सालीं ८,२१,७६४ झाली. इतक्या माणसांना राहावयास जागा कोठून आणावयाची? माडांच्या बागा तोडून त्या जागीं चाळी बांधणें हाच सोपा मार्ग होता, आणि मालकांनीं तोच धरला.

चाळ म्हणजे भाड्याच्या खोल्यांची ओळ. मधून एक सज्जा जातो, आणि त्याच्या बाजूनें खोल्यांचीं दारें उघडतात. सागाच्या खांबांचा व तुळयांचा सांगाडा, मध्यें विटांची भर, वर कौलें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूरास कौलांचा कारखाना काढल्यावर तीं तांबडीं, खांचेचीं कौलें गलबतांतून मुंबईस येऊं लागलीं, आणि नळ्यांच्या कौलांपेक्षां हलकीं व टिकाऊ म्हणून सर्वत्र पसरलीं. एका बिऱ्हाडास एक खोली, सुस्थितींतल्या कुटुंबास दोन. खोलींत एका कोपऱ्यांत मोरी, दुसऱ्यांत चूल, वर फळी किंवा पोटमाळा. नळ व शौचकूप मजल्याच्या शेवटीं, सर्वांस मिळून. १८६० सालीं विहार तलावाचें व १८९२ सालीं तानसाचें पाणी आल्यामुळें नळ तरी शक्य झाले. त्यापूर्वीं सर्व भार विहिरींवर होता.

गिरगांवच्या चाळींत जे लोक आले ते गिरणीतले मजूर नव्हते. ते बहुतेक कोंकणांतून, घाटावरून व कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेले पांढरपेशे लोक होते. कोणी कचेरींत कारकून, कोणी शाळेंत मास्तर, कोणी वकिलाकडे लेखनिक, कोणी छापखान्यांत खिळे जुळविणारा. त्यांच्या अंगीं थोडें इंग्रजी व मनांत पुष्कळ महत्त्वाकांक्षा असे. गांवाकडचा भाऊ, भाचा किंवा शेजाऱ्याचा मुलगा शिकण्यासाठीं येई आणि त्याच खोलींत कंदिलाखालीं अभ्यास करी. रात्रीं सज्जांत पथाऱ्या पसरल्या म्हणजे वाट चालणें कठीण होई. मुंबईंत गेलेल्या शतकांत जी मराठी विद्या, नाटक, वृत्तपत्रें व राजकारण वाढलें, त्याचा फार मोठा भाग ह्या पथाऱ्यांवर झोंपून उठलेल्या माणसांनीं वाढविला.

चाळीच्या रचनेंतच सार्वजनिक जीवनाचें बीज होतें. ज्या घरांत माणसाला बसावयास जागा नाहीं, त्या घरांतला माणूस साहजिकच बाहेर बसतो. सज्जा, जिना आणि चौक हींच त्याची बैठक. १८९३ सालीं केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो ह्यामुळेंच सुलभ झाला. व्यासपीठ चौकांत घातलें कीं तीन मजल्यांचे सज्जे आपोआप प्रेक्षागार होत. शांताराम चाळीच्या चौकांत झालेल्या सभांनीं तर राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासांत स्थान मिळविलें आहे. १९१३ च्या मे महिन्यांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला, आणि १९३१ च्या मार्चांत मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला. हीं दोन्हीं ठिकाणें ह्याच वस्तीच्या अंगाखांद्यावरचीं. दोन पैशांचें तिकीट असो कीं फुकटचें व्याख्यान असो, खोलीबाहेर राहण्याची संवय झालेला श्रोतृवर्ग येथें नेहमींच तयार असे.

परंतु चाळीचें गुणगान करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. पुरुषांना चौक होता. बायकांना मोरी होती. पहांटे चारला नळाला पाणी येई तेव्हां उठून हंडे भरणें, धुराच्या खोलींत स्वयंपाक करणें, बाळंतीण व आजारी माणूस ह्यांना एकाच खोलींत सांभाळणें, हें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. नवरा-बायकोस दोन शब्द एकांतांत बोलण्याची सोय नसे. चाळीहि बहुधा जातवार भरत; मालक जात विचारूनच खोली देई, आणि ज्यांची जात त्यास नको असे त्यांना कितीहि भाडें दिलें तरी ती मिळत नसे. आणि चाळींच्या मागच्या अंगाला दोन इमारतींच्या मध्यें जी अरुंद, अंधारी, ओली घरगल्ली असे, तिच्यांतून रोज सकाळीं भंगी येई व सर्व मजल्यांची घाण डोक्यावर उचलून नेई. ह्या कामासाठीं म्युनिसिपालिटी 'हलालखोर कर' घेत असे. चाळीचा चौक सर्वांचा होता असें आपण म्हणतों तेव्हां हा मनुष्य त्या 'सर्वां'त धरलेला नसे.

घरगल्लीचा सूड १८९६ सालीं उगवला. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. थोड्याच महिन्यांत निम्मी मुंबई ओस पडली. आगगाड्या व बोटी माणसांनीं भरून गांवाकडे गेल्या. घरांची झडती, रोग्यांना ओढून नेणें, सामान जाळणें, भिंतींना चुना फांसणें ह्या सरकारी उपायांनीं लोकांत रोगापेक्षांहि अधिक दहशत बसली. १९०१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ७,७६,००६ भरली. म्हणजे दहा वर्षांत ती वाढण्याऐवजीं पंचेचाळीस हजारांहून अधिक कमी झाली.

ह्या भयांतून १८९८ सालीं 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' जन्मास आला. रोग अंधारांत व कोंदटपणांत उत्पन्न होतो, अशी त्या वेळच्या पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा हें प्लेगचें खरें वाहन होय, हें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तेव्हां ट्रस्टनें उजेड व वारा ह्यांनाच औषध मानलें. गिरगांव चौपाटीपासून डोंगरीच्या बाजूला जाणारा रुंद सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा समुद्राचा वारा दाट वस्तींत खेळविण्यासाठीं पाडलेला रस्ता आहे. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष असतांना त्यांनीं असा आग्रह धरला कीं खोलीसमोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी तरी मोकळी जागा असलीच पाहिजे, म्हणजे खालच्या मजल्यावरील माणसासहि आकाशाचा तुकडा दिसेल. कारण अपुरें होतें, पण उपाय चांगला होता. प्लेग त्यानें हटला नसेल, तरी क्षयाच्या व बालमृत्यूच्या दृष्टीनें उजेडाचें महत्त्व कोणीहि नाकारणार नाहीं.

चूक झाली ती दुसऱ्याच ठिकाणीं. ट्रस्टनें आधीं पाडलें आणि मग बांधलें. ज्यांच्या खोल्या रस्त्याखालीं गेल्या, ते गरीब लोक जवळच्या दुसऱ्या चाळींत घुसले, आणि तेथली दाटी दुप्पट झाली. नव्या रस्त्यांवर ज्या सुंदर इमारती उठल्या, त्यांचें भाडें त्यांना परवडणारें नव्हतें. पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे विख्यात विचारवंत १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडीच्या ह्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. कुशल शस्त्रवैद्य जसा सडलेला तेवढाच भाग कापतो व बाकीचें शरीर राखतो, तसें जुन्या वस्तीशीं वागावें, असें त्यांचें मत होतें. तें मत मुंबईनें आदरानें ऐकून घेतलें आणि बाजूस ठेवलें. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला, पण 'आधीं पाडावें, मग पाहावें' ही त्याची संवय मागें राहिली.

ह्याच सुमारास मध्यम वर्गानें आपल्यापुरता एक निराळा मार्ग काढला. श्रीपाद सुबराव तल्मकी यांच्या खटपटीनें १९१५ सालीं गिरगांवला लागून असलेल्या गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. भाडेकरूंनीं थोडे थोडे पैसे जमवून स्वतःच आपले घरमालक व्हावयाचें, ही कल्पना ह्या देशांत तेव्हां अगदीं नवी होती. संस्थेच्या नांवांतच जात होती, हें खरें. परंतु घरमालकाच्या मेहत्याला नमस्कार न करतां राहतां येतें, हा धडा तिनें सर्व जातींना दिला.

नव्या इमारतींत जी घरें निघालीं त्यांना लोक 'ब्लॉक' म्हणूं लागले. ब्लॉकचें वैशिष्ट्य एका वाक्यांत सांगावयाचें तर तें हें कीं त्याला स्वतःचें दार, स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास होता. आज ह्यांत कोणास कांहीं विशेष वाटणार नाहीं. त्या वेळीं मात्र घरांत, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास, ही कल्पना सोवळ्याओवळ्याच्या घरांत सहज पचण्यासारखी नव्हती. पण बायकांनीं ह्या वादाचा निकाल लवकर लावला. रात्रींअपरात्रीं कंदील घेऊन सज्जाच्या टोंकापर्यंत जाण्याचा प्रसंग जिनें सोसला, तिला सोवळ्यापेक्षां कडी असलेलें दार अधिक पवित्र वाटलें तर त्यांत नवल काय? मैला वाहून नेणारें पाणी व गटारें जसजशीं पसरलीं, तसतशी डोक्यावरून घाण वाहण्याची ती लाजिरवाणी चालहि मागें हटूं लागली. ब्लॉकच्या इतिहासांतली ही सर्वांत मोठी सुधारणा होय, आणि तिचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

लांकडाची जागा आतां सिमेंटनें व लोखंडी सळयांनीं घेतली. १९३६ सालीं दहा कंपन्या एक होऊन असोशिएटेड सिमेंट कंपनी झाली, आणि सिमेंट हें नव्या घराचें जणूं दुसरें नांवच झालें. मरीन ड्राइव्हवर व ओव्हलसमोर गोलाकार सज्जांच्या ज्या इमारती त्या दशकांत उठल्या, त्यांना २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. दादर-माटुंग्याच्या बाजूला ट्रस्टनें आंखलेल्या जमिनीवर पारशी कॉलनी, हिंदु कॉलनी व १९२५ सालीं खुलें झालेल्या शिवाजी पार्काच्या भोंवतालची वस्ती आकारास आली. गिरगांवांतलीं ज्यांना परवडलें तीं कुटुंबें तिकडे गेलीं. १९०७ सालीं विजेची ट्राम सुरू झाली होती, लोकल गाड्या होत्या. तेव्हां लांब राहून कोटांत नोकरी करणें शक्य झालें होतें. गिरगांवचा पहिला निरोप हा असा ब्लॉकनें घेतला. मनोरा त्यानंतर पाऊणशें वर्षांनीं आला.

मग जे मागें राहिले ते कसे राहिले? त्याचें उत्तर एका कायद्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईंत जागेची भयंकर टंचाई झाली. मालकांनीं वाटेल तसें भाडें वाढवूं नये म्हणून १९४७ सालीं मुंबई सरकारनें भाडेनियंत्रणाचा कायदा केला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें असेल त्या पायरीवर भाडें गोठविलें. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा पन्नासांहून अधिक वर्षें चालला. ह्या कायद्यानें लक्षावधि कुटुंबांना छप्पर राखून दिलें. मुलांचीं शिक्षणें पुरीं झालीं, विधवांना घराबाहेर पडावें लागलें नाहीं. त्याचबरोबर ह्याच कायद्यानें चाळ मारली. दहा-वीस रुपये भाड्यांत मालक कौलें कोठून बदलणार? तो दुरुस्ती करीना. भाडेकरूहि दुसऱ्याच्या घराला पैसा लावीना. तुळयांना वाळवी लागली, पावसाळ्यांत भिंती फुगल्या, सज्जांना टेकू आले. आणि खोली सोडतांना नव्या माणसाकडून घ्यावयाची 'पागडी' ही कायद्याच्या कागदावर गुन्हा व व्यवहारांत राजरोस रीत होऊन बसली. १९९९ सालच्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यानें अखेर तिला मान्यता दिली.

इमारती कोसळूं लागल्या तेव्हां सरकारला जाग आली. १९६९ सालीं कायदा होऊन घरदुरुस्ती मंडळ स्थापन झालें, आणि जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठीं उपकर बसला. अशा १९,६४२ इमारती त्या वेळीं मोजण्यांत आल्या. त्यांपैकीं फार मोठी संख्या १९४० पूर्वींची होती. १९७७ सालीं हें मंडळ 'म्हाडा' ह्या नव्या संस्थेंत सामील झालें. टेकू लावून घर काय टिकेल तेवढेंच टिकलें. २०१७ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशीं भेंडीबाजाराजवळची एक जुनी इमारत पडून तेहतीस माणसें मेलीं. चाळीविषयीं हळवें होऊन बोलणारांनीं हा आंकडा विसरूं नये.

मनोऱ्याचा जन्म ह्याच पेंचांतून झाला. सरकारपाशीं पैसा नव्हता, मालकाला इच्छा नव्हती, भाडेकरूला ऐपत नव्हती. तेव्हां १९९१ सालच्या विकास नियमावलींत व १९९९ सालीं तींत केलेल्या दुरुस्तींत एक तोड निघाली. बिल्डरनें जुनी इमारत पाडावी, प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतींत फुकट घर द्यावें, आणि त्याच्या बदल्यांत त्याला जादा बांधकाम करून तें बाजारांत विकण्याची मुभा मिळावी. भाडेकरूचें घर आरंभीं निदान २२५ चौरस फुटांचें असे. पुढें तें प्रमाण ३०० वर गेलें. योजनेचें गणित सरळ आहे. जमीन तेवढीच राहते, माणसें तेवढींच राहतात, आणि विकावयाचीं घरें त्यांच्यावर रचावयाचीं असतात. तेव्हां इमारत उंच होण्यावांचून गत्यंतर नसतें. त्यांतच मोटारी ठेवण्यासाठीं खालचे कांहीं मजले जातात. जुन्या वाडीच्या जागीं जी भिंत पादचाऱ्याला दिसते, ती पुष्कळदां मोटारींच्या मजल्यांची असते.

ह्या योजनेचे लाभ खरे आहेत. ज्या म्हातारीनें सत्तर वर्षें सज्जाच्या टोंकाशीं रांग लावली, तिला स्वतःचें न्हाणीघर मिळालें, लिफ्ट मिळाली, आणि आयुष्यांत प्रथमच घराच्या मालकीचा कागद मिळाला. वरळीस १९२० नंतर सरकारच्या विकास खात्यानें बांधलेल्या चाळींच्या जागीं जे मनोरे उठत आहेत, त्यांत १६० चौरस फुटांच्या खोलींतून ५०० चौरस फुटांच्या घरांत कुटुंबें गेलीं; २०२५ च्या ऑगस्टमध्यें पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. हें पाहून ज्याला आनंद होत नाहीं, त्यानें कधीं चाळींत पाणी भरलेलें नसावें.

तथापि किंमतहि पाहिली पाहिजे. जुनी चाळ पाडल्यापासून नवें घर हातीं येईपर्यंत कुटुंब कोठें तरी दूर भाड्यानें किंवा संक्रमण शिबिरांत राहतें. तीन वर्षें म्हणून सांगितलेलें हें राहणें कित्येकांचें दहा-पंधरा वर्षें चाललें, आणि कित्येक वृद्ध नव्या घराची वाट पाहतां पाहतां वारले. परतणारांना नवी अडचण भेटते. पूर्वीं महिन्याला शंभराच्या आंत भाडें होतें; आतां लिफ्ट, पंप, पहारेकरी व झाडलोट ह्यांचा देखभाल-खर्च दरमहा हजारांवर जातो. पेन्शनीवर जगणाऱ्याला घर फुकट मिळतें, पण त्यांत राहणें फुकट नसतें. मग ते घर विकून कुटुंब डोंबिवलीस किंवा बोरिवलीस जातें. कोणी त्याला हांकललेलें नसतें. हिशेबानेंच तें गेलेलें असतें. ट्रस्टच्या काळीं माणसें रस्त्यासाठीं उठलीं, आज तीं खर्चानें उठतात, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ ठिकाणीं जुन्या भाडेकरूंची इमारत निराळी व विकत घेणारांची निराळी असते. दारें निराळीं, लिफ्टा निराळ्या. चाळींत जातवार वस्ती होती. मनोऱ्यांत ती पैशावर ठरते. सज्जा नाहींसा झाल्यामुळें शेजारी फक्त लिफ्टमध्यें, खालीं मान घालून भेटतात. मराठी शाळांचे वर्ग ओसरले. केळेवाडींतील मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालीं स्थापन झाला आणि १९६४ सालीं त्याचें नाट्यगृह उघडलें. त्याच्या नाटकांना पायीं येणारा प्रेक्षक आतां लोकल गाडीनें येतो. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालीं प्रसिद्ध झाली तेव्हां ती शेजाऱ्याची थट्टा होती. आज ती पूर्वजांची आठवण झाली आहे. १९६४ च्या मार्चअखेर ट्राम गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत जमिनीखालून मेट्रो आली. तिच्या गिरगांव व काळबादेवी ह्या स्टेशनांसाठींहि कांहीं जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, आणि तेथल्या कुटुंबांना त्याच भागांत नवीं घरें देण्याचें ठरलें. ह्या ठरावांतले 'त्याच भागांत' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. ते उच्चारले गेले, हा रहिवाशांच्या चिकाटीचा विजय म्हटला पाहिजे.

तेव्हां ह्या सर्व इतिहासाचा मथितार्थ काय? चाळ परत येणार नाहीं, आणि यावी अशी इच्छा करणेंहि योग्य नाहीं. वाडीहि परत येणार नाहीं. परंतु नव्या घराची पारख करण्याचे निकष जुन्या घरांच्या अनुभवावरून ठरवितां येतात. ऑर साहेबांच्या मोजमापानें विचारावें : खालच्या मजल्यावरील माणसाला आकाश दिसतें काय? गेडिसच्या दृष्टीनें विचारावें : सडलेलें तेवढेंच कापलें, कीं जिवंत भागहि त्याबरोबर गेला? चाळींतल्या बायकांच्या वतीनें विचारावें : पाणी, उजेड व एकांत मिळाला काय? घरगल्लींतल्या त्या माणसाच्या वतीनें विचारावें : इमारत स्वच्छ ठेवणाराला इमारतीच्या जवळपास कोठें राहावयास जागा आहे काय? आणि शेवटीं, चावी मिळाल्यानंतर दहा वर्षांनीं जाऊन पाहावें कीं ज्यांच्या नांवावर ही इमारत मंजूर झाली, त्यांच्यापैकीं कितीजण तींत नांदत आहेत. ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि नकाशांत लिहिलेलें नसतें. तें फक्त दारावरच्या पाट्या वाचून कळतें.

सध्यां तरी एक लहानसा आधार उरला आहे. मनोऱ्यांना इंग्रजी नांवें देण्याची चाल पडली आहे, आणि तीं सोनेरी अक्षरांत दारावर झळकतात. परंतु त्याच मनोऱ्यांतल्या माणसाला पत्ता विचारला तर मनोऱ्याच्या नांवापुढें तो फणसवाडी सांगतो, मुगभाट सांगतो, झावबावाडी सांगतो. फणस गेला, माड गेला, चाळहि गेली. पत्त्याची ती ओळ अजून पुसली गेलेली नाहीं. तिच्याखालीं राहणारे लोक एकमेकांना ओळखूं लागले, तर गिरगांवानें पांचव्यांदां घर बदललें तरी चिंता करण्याचें कारण राहणार नाहीं.